पोटातली धमनी फुटली तर : ओळखायचं कसं, न्यायचं कुठे, विचारायचं काय

"सोनोग्राफीत पोटात रक्त दिसतंय, पण कुठून येतंय ते कळत नाही. मोठ्या हॉस्पिटलला हलवा." एवढं ऐकून नातेवाईक कॅज्युअल्टीबाहेर येतात आणि पुढचे सगळे निर्णय त्यांना काही मिनिटांत घ्यावे लागतात. मार लागलेला नाही, पडझड झालेली नाही, मग पोटात रक्त आलं कसं? आधी ऑपरेशन की आधी सीटी स्कॅन? मांडीतून नळी घालून रक्त थांबवतात म्हणे, ते खरं का? दुसरीकडे काही वाचकांना कसलाच त्रास नसतो, पण भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'अ‍ॅन्युरिझम' असं लिहून आलेलं असतं. हे प्रश्न तुमच्याकडून वारंवार येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे क्रमाने देत आहोत.

सगळ्यांत महत्त्वाचं आधी सांगतो. या आजारात पहिले काही तास निर्णायक असतात आणि त्यातला बराच वेळ चुकीच्या निदानात किंवा चुकीच्या दवाखान्यात जातो. तो वेळ वाचवणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

नेमकं काय होतं?

सायकलच्या ट्यूबला पातळ झालेल्या जागी फुगवटा येतो, तसा धमनीच्या कमजोर झालेल्या भिंतीला येतो. त्यालाच अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पोटात तो मुख्यतः दोन ठिकाणी आढळतो.

- महाधमनी, म्हणजे अ‍ॅओर्टा : पोटातून खाली जाणारी ही मुख्य धमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. रुंदी ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त झाली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात.
- अवयवांच्या धमन्या : प्लीहा, यकृत, जठर, स्वादुपिंड आणि आतडी यांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या. यांत प्लीहेच्या धमनीचा फुगा सर्वाधिक आढळतो आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त असतो.

तिसरा प्रकार 'स्युडो-अ‍ॅन्युरिझम'चा. स्वादुपिंडाला सूज आल्यावर, जंतुसंसर्गात, मार लागल्यावर किंवा एखाद्या शस्त्रक्रियेनंतर धमनीची भिंत फाटते आणि बाहेर रक्ताची पिशवी तयार होते. ती लहान असली तरी फुटू शकते, म्हणून तिच्या बाबतीत आकार मोजत थांबत नाहीत.

धोका कोणाला जास्त?

- साठीपुढचे पुरुष, विशेषतः सध्या किंवा पूर्वी बिडी-सिगारेट ओढणारे. महाधमनीच्या फुग्यामागचं टाळता येण्याजोगं सर्वांत मोठं कारण धूम्रपान आहे.
- उच्च रक्तदाब आणि हृदयाच्या किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले.
- आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला महाधमनीचा फुगा झालेले.
- दारूमुळे किंवा पित्ताच्या खड्यांमुळे स्वादुपिंडाला वारंवार सूज येणारे.
- गर्भवती स्त्रिया आणि यकृताच्या आजारामुळे पोर्टल शिरेतला दाब वाढलेले रुग्ण. या दोन्ही गटांत प्लीहेच्या धमनीचा फुगा फुटण्याची भीती जास्त असते.
- हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालेले, रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार असलेले किंवा जन्मजात नाजूक ऊतींचा विकार असलेले.

कोणत्या लक्षणांवर लगेच निघायचं?

पुढच्यांपैकी कोणतंही लक्षण दिसलं तर 'सकाळी बघू' म्हणू नका.

- पोटात, पाठीत किंवा कुशीत एकदम सुरू झालेली असह्य कळ. ती कधी सुरू झाली हे रुग्ण नेमकं सांगू शकतो.
- कळ आल्यावर चक्कर येणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा शुद्ध हरपणं. पोटदुखीसोबत माणूस बेशुद्ध पडला, की आत रक्तस्राव नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरा.
- दरदरून घाम, पांढराफटक चेहरा, हातपाय गार, नाडी जलद आणि क्षीण.
- पोट फुगत जाणं, किंवा बेंबीच्या आसपास धडधडणारी गाठ हाताला लागणं.
- पोटदुखीबरोबर डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखणं. साठलेलं रक्त छातीखालच्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं.
- स्वादुपिंडाच्या रुग्णाला अचानक रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास होणं.

निदान इथे चुकतं

- मूतखडा : महाधमनी फुटली की दुखणं बऱ्याचदा कुशीतून जांघेकडे जातं. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मूतखड्यासारखं दुखू लागलं, तर महाधमनी पाहिल्याशिवाय मूतखड्याचं निदान मान्य करू नका.
- हृदयविकार : घाम, अस्वस्थता आणि उतरलेलं बीपी पाहून हार्ट अटॅकचा संशय येतो. ईसीजी काढायलाच हवा, पण तो स्पष्ट नसताना रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली गेली तर आतला रक्तस्राव वाढतो.
- पित्त, गॅस, अ‍ॅसिडिटी : अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या महाधमनीला फुगा होता. १९४८ साली शस्त्रक्रिया करून तो सेलोफेनने वेढला होता. एप्रिल १९५५ मध्ये तो फुटला तेव्हा दुखण्याची लक्षणं पित्ताशयाच्या दाहासारखी होती. शेवटच्या वेळी त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला होता.
- कंबरदुखी : महाधमनी पाठीच्या कण्याला लागून असते. तिथलं रक्त आधी मागच्या बाजूला साठतं आणि पोट मऊच राहतं.

डॉक्टरांना थेट विचारा : "डॉक्टर, हा आतला रक्तस्राव तर नसेल ना? महाधमनी बघितली का?" या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही.

बीपी सुधारलं, दुखणं थांबलं, तरी घरी नेऊ नका

प्लीहेची धमनी फुटते तेव्हा पहिलं रक्त बऱ्याचदा जठरामागच्या छोट्या कप्प्यात साठतं. कप्पा भरला की दाबामुळे रक्तस्राव काही काळ थांबतो. चेहऱ्यावर रंग येतो, बीपी वर जातं, रुग्ण चहा मागतो. घरच्यांना हायसं वाटतं आणि डिस्चार्जची भाषा सुरू होते. मग काही तासांनी, क्वचित दोन-तीन दिवसांनी तो कप्पा फुटतो, रक्त सगळ्या पोटात पसरतं आणि रुग्ण कोसळतो.

महाधमनीतही मागच्या बाजूच्या ऊतींनी रक्त काही काळ अडवून धरलेलं असू शकतं. हा मधला वेळ सीटी काढण्यासाठी आणि सोयी असलेल्या रुग्णालयात पोचण्यासाठी असतो. शुद्ध हरपण्याइतकी पोटदुखी एकदा होऊन गेली असेल, तर बरं वाटत असतानाही तपासणी पूर्ण करून घ्या.

पहिल्या तासात घरच्यांनी काय करायचं?

१. १०८ ला फोन करा. "पोटात अचानक असह्य दुखलं, बेशुद्ध पडले, आत रक्तस्राव असावा," असं स्पष्ट सांगा. फक्त "पोट दुखतंय" म्हणू नका.
२. रुग्णाला आडवं झोपवा. चालवत नेऊ नका आणि दुचाकीवर मध्ये बसवून तर नेऊच नका.
३. पाणी, चहा, सोडा, ओवा, एरंडेल असं काहीही देऊ नका. पोट चोळू किंवा शेकू नका.
४. अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी स्वतःहून देऊ नका.
५. रुग्ण घेत असलेली सगळी औषधं पिशवीत भरा. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅपिक्साबान यांसारखं रक्त पातळ करणारं औषध असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.
६. जुने सोनोग्राफी, सीटी आणि टूडी-इकोचे रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि विम्याचं कार्ड सोबत घ्या.
७. एक जण रुग्णाबरोबर जाईल, दुसरा फोनवर पुढच्या रुग्णालयाची चौकशी करेल.

जवळच्या दवाखान्यात 'एक सलाईन लावून बघू' म्हणून तास-दोन तास काढू नका. तिथे शिरेत सुई लावून घ्या, रुग्णाला हलवण्याजोगं करून घ्या आणि निघा.

कुठे न्यायचं?

फोनवर हे चार प्रश्न विचारा.

- सीटी अँजिओग्राफी आत्ता, या वेळेला होईल का?
- इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट उपलब्ध आहेत का? धमनीतून नळी घालून रक्तस्राव बंद करणारे हे तज्ज्ञ असतात.
- व्हॅस्क्युलर सर्जन, किंवा निदान पोटाची मोठी शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि भूलतज्ज्ञ आहेत का?
- ब्लड बँक आवारात आहे का? रुग्णाच्या गटाचं रक्त आहे का?

चारही उत्तरं 'हो' असतील तर थोडं लांब पडलं तरी शक्यतो तिथेच न्या. पण बीपी सतत कोसळत असेल, तर ज्या जवळच्या ठिकाणी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त आहे तिथे आधी थांबावं लागतं. हा निर्णय सोबतच्या डॉक्टरांवर सोपवा. सरकारी व्यवस्थेत जायचं असेल तर जिल्हा रुग्णालयापेक्षा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात या सोयी मिळण्याची शक्यता जास्त असते. गोव्यात त्यासाठी बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे.

निघण्यापूर्वी रेफर लेटर, दिलेल्या औषधांची नोंद आणि सीटी झाला असेल तर त्याची सीडी मागून घ्या. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, कारण नळी कुठून न्यायची हे तज्ज्ञ चित्रं पाहून ठरवतात.

रुग्णालयात कोणत्या तपासण्या होतात?

- रक्ताचा गट आणि क्रॉसमॅच : हा नमुना सर्वांत आधी जायला हवा. गेला का, ते विचारून घ्या.
- हिमोग्लोबिन : सुरुवातीला ते चांगलं येऊ शकतं, कारण रक्त जातं तेव्हा त्यातले सगळे घटक एकदम जातात. पहिला आकडा १२ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ठरावीक वेळाने पुन्हा तपासणी होते, ती त्यासाठीच.
- गरोदरपणाची तपासणी : मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीत करावी. या वयात पोटात अचानक रक्त साठण्याचं एक मोठं कारण गर्भनलिकेत राहून फुटलेला गर्भ हे असतं आणि त्याचा उपचार वेगळा आहे. या तपासणीला संकोचाने नकार देऊ नका.
- खाटेशेजारची सोनोग्राफी : पोटात मोकळं रक्त आहे का आणि महाधमनी फुगली आहे का, हे काही मिनिटांत कळतं. रक्त कोणत्या धमनीतून येतंय ते मात्र सहसा कळत नाही, आणि पाठीमागे साठलेलं रक्त नजरेतून सुटू शकतं.
- सीटी अँजिओग्राफी : निर्णायक तपासणी हीच. शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन ते धमन्यांत असताना आणि नंतर शिरांत असताना अशी चित्रं घेतात. फुगा कुठे आहे, किती मोठा आहे, रक्त अजून गळतंय का, हे त्यातून दिसतं. साध्या सीटीत फुटलेली धमनी नेमकी सापडेलच असं नाही.

कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर जरूर सांगा. पण जीव धोक्यात असताना क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी सीटी अडवून ठेवत नाहीत.

सीटीत काहीच सापडलं नाही तर? रक्तस्राव तात्पुरता थांबलेला असू शकतो. अशा वेळी आयसीयूत देखरेख, पुन्हा सीटी किंवा धमनीत नळी घालून केलेली अँजिओग्राफी, असे मार्ग असतात. यकृताची गाठ फुटणं, डेंग्यू-मलेरियात प्लीहा फुटणं, रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे रक्तस्राव होणं ही कारणंही तपासली जातात.

"बीपी ८५ आहे, तरी सलाईन हळू का सोडताय?"

आयसीयूबाहेर सर्वाधिक वाद या प्रश्नावरून होतात. छिद्र बंद होण्याआधी बीपी औषधांनी आणि सलाईनने फार वर नेलं, तर जमलेली गुठळी निसटते, रक्त आणखी पातळ होतं आणि रक्तस्राव वाढतो. म्हणून महाधमनी फुटलेला रुग्ण शुद्धीवर असेल, बोलत असेल, तर वरचं बीपी ७० ते ९० च्या दरम्यान राहू देतात. रक्तस्राव बंद झाला की ते वर आणतात.

द्यायचं असतं ते रक्त. लाल पेशींच्या पिशव्यांबरोबर प्लाझ्मा आणि प्लेटलेट्सही द्याव्या लागतात. मुलाच्या हातातून काढलेलं रक्त लगेच वडिलांना चढवता येत नाही, त्याच्या तपासण्यांना वेळ लागतो. ब्लड बँकेतला साठा आधी वापरतात, नातेवाइकांनी नंतर रक्तदान करून तो भरून काढावा. कोणत्या ब्लड बँकेत कोणत्या गटाचं रक्त आहे, ते केंद्र सरकारच्या ई-रक्तकोष पोर्टलवर पाहता येतं.

उपचाराचे तीन मार्ग

१. एम्बोलायझेशन. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी फुटलेल्या जागेपर्यंत नेतात आणि धातूच्या कॉइल किंवा वैद्यकीय गोंदाने ती जागा बंद करतात. पोट उघडावं लागत नाही आणि बऱ्याचदा त्या जागेपुरती भूल पुरते. रक्त उलट बाजूनेही येऊ शकतं, म्हणून फुग्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे कॉइल सोडतात. प्लीहा, यकृत आणि स्वादुपिंडाजवळच्या धमन्यांसाठी, शक्य असेल तिथे, पहिली पसंती याला असते. प्लीहेची मुख्य धमनी बंद केली तरी इतर लहान धमन्यांवर प्लीहा बहुधा तग धरते.

२. स्टेंट. जी धमनी बंद केली तर आतडं मरेल, तिथे आच्छादित स्टेंट घालून रक्ताचा मार्ग चालू ठेवतात. महाधमनीत घालायचा स्टेंट-ग्राफ्टही जांघेतून नेतात. त्यासाठी धमनीचा आकार जुळावा लागतो आणि त्याचा खर्च काही लाखांत जातो.

३. पोट उघडून शस्त्रक्रिया. रुग्ण कोसळत असेल, नळीच्या उपचाराची सोय नसेल किंवा तो उपचार फसला असेल तर हाच मार्ग उरतो. फुटलेली धमनी बांधतात, गरज पडल्यास प्लीहा काढतात, महाधमनीत कृत्रिम नळी शिवतात.

स्टेंट परवडत नाही किंवा उपलब्ध नाही म्हणून आशा सोडू नका. महाधमनी फुटलेल्या रुग्णांवर मुख्यतः ब्रिटनमध्ये झालेल्या 'इम्प्रूव्ह' चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. शक्य तिथे स्टेंट आणि थेट शस्त्रक्रिया या दोन्ही धोरणांत ३० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण जवळपास सारखंच, साधारण ३५ ते ३७ टक्के निघालं. रुग्णालयात पोचायच्या आतच दगावणारे धरले तर महाधमनी फुटल्यावरचे एकूण मृत्यू ८० टक्क्यांच्या आसपास जातात. वेळेत पोचण्यावर आम्ही एवढा भर का देतो, ते या दोन आकड्यांतून लक्षात येईल.

गर्भवती स्त्री असेल तर

प्लीहेच्या धमनीचा फुगा विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत फुटण्याची भीती असते आणि आई व बाळ दोघांनाही मोठा धोका असतो. वार सुटली किंवा गर्भाशय फाटलं असं आधी वाटतं. तातडीने सिझेरियन केल्यावर गर्भाशय ठीक दिसलं आणि तरीही पोटात रक्त असेल, तर प्लीहेची धमनी बघायला हवी. रुग्णालय निवडताना स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर सर्जनही आहेत याची खात्री करा. आईचा जीव वाचवण्यासाठी सीटी गरजेचा असेल तर केवळ गर्भ आहे म्हणून तो टाळत नाहीत.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

वेळ कमी असतो, पण एवढे प्रश्न दोन मिनिटांत होतात.

- कोणती धमनी फुटली आहे? अजून रक्त गळतंय का?
- एम्बोलायझेशन शक्य आहे का? नसेल तर का?
- ते फसलं तर लगेच शस्त्रक्रियेची तयारी आहे का?
- प्लीहा, मूत्रपिंड, आतडं यांपैकी काय गमवावं लागू शकतं?
- अंदाजे खर्च किती, आणि तो कोणत्या योजनेत बसतो?

नातेवाईक पोचले नाहीत आणि रुग्ण बेशुद्ध असेल, तर जीव वाचवण्यासाठीचे उपचार डॉक्टर संमतीविनाही सुरू करू शकतात. बाहेरगावच्या मुलाची वाट पाहत ऑपरेशन अडवून ठेवू नका.

तुमचे हक्क आणि पैशांची सोय

- तातडीचा उपचार : सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं, की सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्यासाठी तातडीची मदत देणं डॉक्टरचं कर्तव्य आहे.
- धर्मादाय रुग्णालयं : मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून स्थिर करणंही बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. अडवणूक झाली तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : आता आयुष्मान भारतशी जोडलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच भेटा आणि कोणता उपचार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो ते विचारा. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे. हेल्पलाइन १५५३८८. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे.
- खासगी विमा : विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे, आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत.
- कागदपत्रं : मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांच्या नोंदींच्या प्रती मिळायला हव्यात.
- 'डामा'ची सही : वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, असा या कागदाचा अर्थ होतो. रुग्णालय स्वतःच सोय नाही म्हणून पाठवत असेल, तर त्यावर सही करू नका. रीतसर रेफर लेटर घ्या, नाहीतर पुढे विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते.
- बिलापायी अडवणूक : बिलाचा वाद आहे म्हणून रुग्णाला किंवा पार्थिवाला अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत हे नमूद आहे.

न फुटलेला फुगा रिपोर्टमध्ये सापडला तर

रिपोर्टच्या शेवटी, मूतखडा आणि प्रोस्टेटच्या नोंदींखाली, बारीक अक्षरात एक ओळ असते : 'महाधमनीत ४.२ सेंटिमीटरचं अ‍ॅन्युरिझम'. आपण मूतखड्यासाठी गेलेलो असतो, म्हणून तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. असा रिपोर्ट घेऊन व्हॅस्क्युलर सर्जनना भेटा.

महाधमनीसाठी साधारण नियम असे :

- ३ ते ३.९ सेंटिमीटर : तीन वर्षांनी सोनोग्राफी.
- ४ ते ४.९ सेंटिमीटर : दरवर्षी.
- ५ सेंटिमीटर आणि पुढे : दर तीन ते सहा महिन्यांनी.
- पुरुषात ५.५ आणि स्त्रीत ५ सेंटिमीटर झाला, वर्षात १ सेंटिमीटरहून अधिक वाढला किंवा दुखू लागला : उपचाराचा निर्णय घ्या.

अवयवांच्या धमन्यांसाठी आकडे वेगळे आहेत. प्लीहेच्या धमनीचा फुगा ३ सेंटिमीटरचा आणि यकृताच्या धमनीचा २ सेंटिमीटरचा झाला की उपचार सुचवतात. स्वादुपिंडाजवळच्या धमन्यांचा फुगा आणि कोणताही स्युडो-अ‍ॅन्युरिझम, आकार काहीही असला तरी, बंद करणं योग्य मानतात. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला प्लीहेच्या धमनीचा फुगा असेल तर तो लहान असतानाच, शक्यतो गर्भधारणेपूर्वी बंद करून घ्यावा.

फुगा असलेल्यांनी आणखी दोन गोष्टी पाळाव्यात.

- तंबाखू पूर्ण सोडा आणि बीपी ताब्यात ठेवा. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर मदत मिळते.
- अँटिबायोटिक घेण्यापूर्वी फुग्याविषयी सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातली औषधं महाधमनीचा फुगा असलेल्यांनी, दुसरा पर्याय असताना, टाळावीत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिनची गोळी आपल्याकडे मेडिकलमधून सहज उचलली जाते, म्हणून ही सूचना लक्षात ठेवा.

त्रास नसताना तपासणी कोणी करावी? ब्रिटनमध्ये ६५ व्या वर्षी पुरुषांना महाधमनीच्या सोनोग्राफीसाठी बोलावतात. अमेरिकेत ६५ ते ७५ वयाच्या, कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषांनी ती एकदा करावी असं सुचवतात. आपल्याकडे असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही, पण तुम्ही या गटात असाल किंवा घरात कोणाला फुगा झाला असेल तर स्वतःहून करून घ्या. पोटाची सोनोग्राफी होणारच असेल तर "महाधमनीची रुंदी मोजून रिपोर्टमध्ये लिहा," असं आधीच सांगा. पोटातल्या गॅसमुळे ती नीट दिसली नाही तर सकाळी उपाशीपोटी पुन्हा बोलावतील.

घरी आल्यावर

- प्लीहेच्या धमनीच्या एम्बोलायझेशननंतर काही दिवस डाव्या बरगडीखाली दुखणं आणि थोडा ताप येऊ शकतो. ताप वाढत गेला, दुखणं वाढलं किंवा पुन्हा चक्कर आली तर लगेच परत जा.
- प्लीहा काढली असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी यांच्या लसी साधारण दोन आठवड्यांनी घ्याव्या लागतात. पुढे आयुष्यभर कोणताही ताप अंगावर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.
- महाधमनीत स्टेंट घातला असेल तर पहिल्या महिन्यात सीटी आणि पुढे दरवर्षी तपासणी लागते. स्टेंटच्या कडेने रक्त झिरपू लागलं तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही.
- बंद केलेली रक्त पातळ करणारी औषधं पुन्हा कधी सुरू करायची, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.
- फुगा महाधमनीचा असेल तर पन्नाशीपुढच्या भावंडांची आणि मुलांची एकदा सोनोग्राफी करून घ्या.

हा लेख वाचून झाल्यावर दोन कामं आजच उरका. घरातल्या साठीपुढच्या माणसांचे जुने सोनोग्राफी रिपोर्ट काढा आणि 'अ‍ॅन्युरिझम' हा शब्द कुठे आहे का ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मग तुमच्या भागातल्या, सीटी अँजिओग्राफी आणि ब्लड बँक चोवीस तास चालू असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये भरून ठेवा. रात्री दोन वाजता कळ आली, तर कुठे फोन करायचा हे तेव्हा ठरवावं लागणार नाही.